दिव्याखालचा डाग

‘आणि मग बघायचं कुठून?’ एवढंच त्या बाई म्हणाल्या आणि शेजारच्या स्टॉलवर जाऊन बसल्या. हौशी कारागिरांचं प्रदर्शन उघडून अर्धा तासही झाला नव्हता. मी पिवळ्या फडक्यानं गाडीच्या नाकावरचे लोकांच्या बोटांचे ठसे पुसत होतो, बायको घडीच्या खुर्चीवर बसून थर्मासच्या झाकणाशी झटापट करत होती, आणि या बाई कुठून उगवल्या ते मला कळलंही नाही. पंचाहत्तरीच्या असतील. काटकुळ्या, आखूड पांढरे केस, पायांत पांढरे कापडी बूट. गाडीभोवती त्यांनी सावकाश एक फेरी मारली, पुढे आल्या, गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या, डाव्या दिव्याखाली चार बोटांवर एक काळा डाग आहे त्यावर नखानं खरडलं, ते नख उजेडात धरून बघितलं आणि ते वाक्य बोलल्या. माझ्याशी बोलल्या म्हणावं तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. ‘कृपया हात लावू नये’ अशी पाटी मी स्वतः, ठळक अक्षरांत लिहून लावली होती. लोक कौतुकानं हात लावतात ते मी समजू शकतो. पण खरडायचं? नख लावून? मी जवळ जाऊन पाहिलं तर काळ्या रंगावर एक बारीक आकाशी रेघ उठली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तसा शांत माणूस आहे असं माझं मत आहे, बायकोचं नाही.

आता हा डाग म्हणजे काय चीज आहे ते सांगितल्याशिवाय माझा राग कुणाला कळायचा नाही. ही गाडी त्या सिनेमातली आहे. म्हणजे तीच नव्हे, तिची प्रतिकृती. पण ज्यानं तो सिनेमा पाहिलाय त्याला पाटी वाचावी लागत नाही, लांबूनच ‘अरे, ती मागून येणारी गाडी’ असं म्हणत लोक येतात. सिनेमात एक कारकून आपली म्हातारी गाडी भंगारवाल्याला विकून पायी घरी निघतो, आणि गाडी त्याच्या मागोमाग येते. आत चालक नाही, सीट रिकामी, स्टिअरिंगचं चक्र आपलं आपण फिरतंय. तो थांबला की ती थांबते. त्यानं वळून पाहिलं की नाक वळवून भलतीकडेच बघते, आपण त्या गावचेच नाही अशी. तेवढ्या एका प्रसंगासाठी लोक तो सिनेमा चार-चारदा बघायचे. मी किती वेळा पाहिला त्याचा हिशोब बायकोकडे आहे. निवृत्तीच्या आधी दोन वर्षं आणि नंतरची तीन, अशी पाच वर्षं मी ही गाडी बांधली. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे पूर्वी आमचे वाळत घातलेले कपडे असायचे. सिनेमा थांबवून थांबवून दोनशे बारा चित्रं काढली. दाराच्या मुठीची लांबी नायकाच्या पंजावरून काढली, पंजाची त्याच्या हातातल्या वर्तमानपत्रावरून. सिनेमा कृष्णधवल, त्यामुळे रंग कुणालाच माहीत नाही; तिथे बायकोनं आकाशी म्हटलं आणि आकाशी झाला, कारण शेड शेवटी तिच्या कपड्यांची होती. आणि या दोनशे बारा चित्रांपैकी एकेचाळीस चित्रांत डाव्या दिव्याखाली नाण्याएवढा काळा ठिपका आहे. रंगाऱ्याचं म्हणणं, फिल्मवरची घाण. मी म्हटलं, घाण गाडीबरोबर वळते कशी? दोन दिवस आमची जुंपली होती. शेवटी मीच बारीक ब्रशनं तो डाग रंगवला, चमक न येणाऱ्या काळ्या रंगात, श्वास रोखून. आणि माहितीच्या फलकावर लिहिलं, ‘दिव्याखालील डांबराचा डाग मूळ गाडीबरहुकूम.’ जगात हा डाग दिसलेला मी एकटा होतो, आणि त्यावर या बाईंनी नख चालवलं.

बायकोनं चहा ओतून दिला आणि विचारलं, त्या काय म्हणाल्या? मी सांगितलं. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली की त्या नेमकं काय म्हणाल्या ते त्यांनाच विचारा ना, दहा पावलांवर तर बसल्यात. खरंच बसल्या होत्या. शेजारचा स्टॉल एका लाकडी घड्याळं करणाऱ्याचा होता, त्याची ती मावशी, तो मघापासून ‘मावशी, पाणी’, ‘मावशी, पंखा लावू का’ असं करत होता. पण मी कशाला विचारू? मी काय कुणाला बांधील आहे? बघायचं कुठून म्हणे. काच आहे की समोर चांगली हातभर रुंद, तिच्यातून बघायचं. दोन्ही बाजूंना आरसे आहेत, ते जुन्या बाजारातून शोधून आणायला मला आठ महिने लागले. असं सगळं मी मनातल्या मनात त्यांना सुनावलं, येणाऱ्या लोकांना गाडीची माहिती सांगितली, फोटोसाठी बाजूला झालो, आणि मध्येच लक्षात आलं की मी सारखा त्या डागाकडे बघतोय. मनात कुठेतरी पाल चुकचुकली होती. छत्तीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या. ही पाल मला ओळखीची आहे. सगळं तपासून झालेलं असतं, दार नीट लागतं, दोर बरोबर, मोटार बरोबर, लोक म्हणतात झालं ना, चला, आणि आपला पाय उंबऱ्यावरून निघत नाही.

तो सिनेमा मला बाबांनी दाखवला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. बाबा लिफ्टमन होते. एका नऊमजली कचेरीत, लाकडी स्टुलावर, पितळी मुठीच्या शेजारी, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. लोक म्हणायचे, लिफ्ट आली, लिफ्ट गेली, लिफ्ट अजून येत कशी नाही. लिफ्ट आणली असं कुणी म्हणत नसे. बाबांना त्याचं काही वाटत नसे, किंवा वाटत असेल तर ते मला दिसत नसे, कारण मी त्या वयात फक्त पितळी मुठीकडे बघायचो. सिनेमा संपल्यावर आम्ही पायी घरी निघालो आणि मी दर दहा पावलांनी मागे वळून बघत होतो, एखादी गाडी येते का. बाबा हसत होते. मग सहज, अगदी सहज म्हणाले, ‘आत कुणीतरी असणार रे. कुणी नसताना काही हलत नाही.’ झालं. मी रस्त्यातच भोकाड पसरलं. गाडी आपली आपण येते, तिचं त्याच्यावर प्रेम आहे म्हणून येते, तुम्हाला काय माहीत, तुम्ही खोटं बोलता. दोन दिवस मी बाबांशी बोललो नाही. जेवताना ताट घेऊन दाराकडे तोंड करून बसलो. तिसऱ्या दिवशी ते कामावरून आले, बूट काढता काढता माझ्यासमोर बसले आणि फार मोठी चूक कबूल करावी तसे म्हणाले, ‘बरं बाबा. आत कुणी नाही. गाडीच तशी आहे.’ मी लगेच त्यांच्या मांडीवर. ही गोष्ट मी बायकोला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितली आणि नंतर जवळजवळ दर वर्षी; आता मी ‘बरं बाबा’ म्हटलं की पुढचं वाक्य तीच पुरं करते.

पुढे अक्कल आल्यावर गाडी आपली आपण येत नाही हे मलाही कळलं, पण आत कुणी असेल हे मी मान्य केलं नाही ते नाहीच. मी म्हणायचो, दोरी असणार. पुढून कुणीतरी दोरीनं ओढत असणार. बारा वर्षांचा असताना मी मित्रांशी दोरीवर पैज लावली होती, आणि साठाव्या वर्षी दोनशे बारा चित्रांत भिंग घेऊन दोरी शोधत होतो. एकाही चित्रात दोरी नाही. तरी मी म्हणायचो, बारीक असेल, काळी असेल, रस्त्याच्या रंगाची असेल. बाबा जाऊन तोवर बावीस वर्षं झाली होती. हरल्याचं कबूल करायचं तरी कुणापाशी? माझ्या गाडीला दोरी नाही, तिला मागे गोदामातल्या विजेवरच्या मालगाड्याची मोटार आणि दोन बॅटऱ्या आहेत, बटण दाबलं की माणसाच्या चालीनं चालते, सोडलं की थांबते, एकंदर लिफ्टच आहे ती, आडवी. इंजिन नसल्यामुळे नाकात सगळी पोकळी. मूळ गाडीचंही इंजिन मागेच होतं, मागच्या झाकणातून वाफ निघताना दिसते. म्हणजे तिचंही नाक रिकामंच असणार. हे मला पाच वर्षं माहीत होतं आणि पाच वर्षांत त्याचा अर्थ एकदाही माझ्या डोक्यात शिरला नाही. त्या दिवशी दुपारी, फडकं हातात धरून, तो शिरू लागला, आणि मी त्याला शिरू देत नव्हतो.

तीन वाजता परीक्षक आले. तिघे जण, गळ्यात फिती, हातात कागद. त्यांनी माझी चित्रांची वही चाळली, मोजपट्टी काढून दोन दिव्यांमधलं अंतर मोजलं, वाकून खालून पाहिलं. आणि त्यातले जे सगळ्यांत वयस्कर होते, ते नेमके त्या डागापाशी थबकले. फलक वाचला. वहीतली ती एकेचाळीस चित्रं उलटून पाहिली. मग बाकीच्या दोघांना हाक मारून म्हणाले की बघा, याला म्हणतात नजर, डांबराचा शिंतोडासुद्धा सोडलेला नाही या माणसानं. एरवी मी हवेत तरंगलो असतो. पाच वर्षं मी याच वाक्याची तर वाट बघत होतो, आणि हे वाक्य कोण बोलेल, कुठे उभा राहून बोलेल, हेही मी शेडमध्ये पत्र्याला हातोडी मारताना ठरवून ठेवलं होतं. पण मला शेजारच्या स्टॉलवरचे ते पांढरे बूट दिसत होते. बाई घड्याळांच्या मधून आमच्याकडे बघत होत्या, आणि हसू आवरल्यासारखा त्यांचा चेहरा होता. साडेतीनला संयोजकांचा माणूस येऊन गाडीच्या काचेवर कार्ड लावून गेला, ‘तंतोतंत प्रतिकृती, पहिला क्रमांक’. बायकोनं टाळ्या वाजवल्या, आजूबाजूच्यांनीही. मी हात जोडले. घड्याळवाल्यानं पुढे येऊन हात मिळवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, कारण एव्हाना मला बऱ्यापैकी कळलं होतं, आणि तंतोतंत हा काचेवरचा शब्द मला वाचायला नको वाटत होता.

आपण बघतो ते आपल्याला दिसतंच असं नाही, हे काही मोठं तत्त्वज्ञान नव्हे, लिफ्टवाल्याला ते रोज समजतं. चोविसाव्या वर्षी मी बाबांच्याच कचेरीत बटणं बसवायला गेलो होतो. कंपनीनं पाठवलं, मी गेलो. पितळी मूठ काढायची, तिच्या जागी दहा बटणांची पाटी लावायची. तीन दिवसांचं काम. बाबा शेजारी स्टुलावर बसून मला एकेक स्क्रू देत होते, न मागता, हवा तो, हवा तेव्हा. मी पाटीकडे बघत होतो. आपण त्यांचं स्टूल काढतोय हे माझ्या ध्यानातही आलं नाही. नंतर त्यांना खाली दारावर नोंदवही दिली, तिथे त्यांनी आठ वर्षं काढली, आणि तक्रार अशी कधी केली नाही. मात्र पहिल्या दिवशी ते इतरांसारखेच त्या लिफ्टमध्ये चढले, दार लागलं, आणि सवयीनं त्यांनी विचारलं, ‘कितवा?’ सगळे हसले. बाबाही हसले, आणि मग त्यांनी सगळ्यांची बटणं दाबून दिली, प्रत्येकाचा मजला त्यांना पाठ होता. हे त्यांनीच घरी येऊन रंगवून सांगितलं होतं, आणि मीही हसलो होतो, चांगला पोटभर. त्या संध्याकाळी कार्डाकडे बघत बसलेलो असताना मला बाबांची फार आठवण आली. आत कुणीतरी असणार रे, असं म्हणायला त्यांना सिनेमाचं भिंग लागलं नव्हतं.

पाच वाजले. म्हणजे घड्याळवाल्याच्या स्टॉलवर पाच वाजायला लागले, त्याची सतरा घड्याळं आपापल्या मर्जीनं वाजत, त्यामुळे पाच वाजून संपायला चार-एक मिनिटं लागत. बायको म्हणाली की आता तुम्ही जाता की मी जाऊ? काखेत कळसा आणि गावाला वळसा, सकाळपासून बघतेय. मी उठलो. ती दहा पावलं मी कशी चाललो ते माझं मला माहीत. बाईंनी शेजारची खुर्ची पायानंच माझ्याकडे सरकवली, जणू सकाळपासून राखून ठेवली होती.

मी म्हटलं, ‘मावशी, सकाळी तुम्ही म्हणालात, बघायचं कुठून. कुणी बघायचं?’

‘मी,’ त्या म्हणाल्या.

माझा चेहरा बघून त्यांनाच माझी दया आली असावी, कारण त्या भराभर बोलू लागल्या. त्यांचा थोरला भाऊ त्या स्टुडिओत मेकॅनिक होता. गाडीच्या नाकात मावेल, गाडी चालवता येईल आणि चार तास पालथं पडून कुरकुर करणार नाही असं माणूस पाहिजे होतं; भावानं घरात नजर टाकली, वीस वर्षांची, काडीसारखी बहीण दिसली. नाकात गादी टाकून तिला पोटावर झोपवायचे, वरून झाकण बंद. चक्राला खालून दोन दोऱ्या बांधलेल्या, एक डाव्या हातात, एक उजव्या, आणि पाय मागे पेडलांवर.

‘म्हणजे दोरी होती?’ मी जवळजवळ ओरडलोच.

‘एक नाही, दोन होत्या. पण माझ्या हातात,’ त्या म्हणाल्या, आणि मला तेव्हा हसू आलं ते आवरेना. म्हणजे मीही अगदीच चुकलो नव्हतो, फक्त दोरीच्या या टोकाला माणूस होतं, आणि बाबा त्याच्याविषयी बोलत होते.

दिव्याखाली नाण्याएवढं भोक. त्याला डोळा लावायचा. नायकाला सांगून ठेवलेलं, खडूच्या रेघेवरून चाल, आणि हिला सांगितलेलं, त्याच्या टाचा सोडू नकोस. ‘सबंध सिनेमाभर मी त्या माणसाच्या फक्त टाचा बघितल्या,’ मावशी म्हणाल्या. ‘तोंड कसं होतं ते पुढे थिएटरात कळलं.’ थिएटरात पहिल्या आठवड्यात तिकीट काढून गेल्या होत्या. शेजारी बसलेला एक गृहस्थ आपल्या मंडळींना समजावत होता, दोरी आहे, दोरी. यांनी म्हटलं, असेल. कुणाला सांगायचं नाही असं स्टुडिओनं बजावलं होतं. आधी बजावलं होतं म्हणून सांगितलं नाही, मग लग्न झालं, मुलं झाली, बँकेत छत्तीस वर्षं काढली, आणि मग वाटलं की आता सांगितलं तर लोक म्हणतील, म्हातारी चळली. घड्याळवाला तोंडाचा आ करून ऐकत होता. त्यालाही हे आजच कळत होतं. वाईट वाटलं का हो कधी, पडद्यावर नाव नाही म्हणून, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या की नाव राहू द्या, वाईट एकाच गोष्टीचं वाटलं, ती गाडी मालकामागून चालताना त्यांनी समोरून कधीच पाहिली नाही. पडद्यावर पाहिली तेवढीच. आणि सकाळी इथे बघून त्यांचा जीव हरखला, वाटलं आता त्या भोकाला डोळा लावून बघू आत कसं दिसतं, तर तिथे मेला रंग. मग तोंडातून निघून गेलं. आणि गाडी खरी कोणत्या रंगाची होती हे मी विचारलंच. कसल्याशा भयंकर तपकिरी रंगाची, त्या म्हणाल्या. तिच्यापेक्षा ही पोर गोरी आहे.

दुसरा दिवस प्रदर्शनाचा शेवटचा. सकाळी दारं उघडायच्या आधी तासभर आम्ही मैदानात होतो. मी ड्रिलला गोल पातं लावलं, डागावर टेकवलं आणि तसाच उभा राहिलो. पाच वर्षांत त्या पत्र्यावर मी ओरखडा येऊ दिला नव्हता. बायको खाली कागद धरून बसली होती, लोखंडाचा कीस पडेल म्हणून, आणि वर बघत होती. ती म्हणाली, ‘अहो, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पाडा आता.’ मी पाडलं. चकतीएवढा तुकडा कागदावर पडला, एका बाजूनं काळा, मध्ये नखाची आकाशी रेघ. तो मी शर्टाच्या खिशात टाकला. फलकावरची डांबराची ओळ खोडली आणि लिहिलं, ‘दिव्याखालील भोक चालकास बघण्यासाठी.’ मग काचेवरचं कार्ड काढून संयोजकांच्या टेबलावर नेऊन दिलं आणि सांगितलं की काल गाडी तंतोतंत नव्हती, आज आहे, आता तुम्हाला काय ठरवायचं ते ठरवा. त्यांना काही कळलं नाही. नियमात बसत नाही म्हणाले, आणि कार्ड खणात ठेवलं. परत येताना मला इतकं हलकं वाटत होतं की मी वाटेत शीळ घातली, जी मला येत नाही.

बाकीचं काम लिफ्टवाल्याच्या डाव्या हातचा मळ. चक्राला दोन दोऱ्या, बटणाची तार लांबवून नाकापर्यंत, तळाला आमच्या शेडमधली जुनी सतरंजी. कठीण गेलं ते मला आत शिरणं. वीस वर्षांच्या काटकुळ्या पोरीसाठी जी जागा पुरली ती एकसष्ट वर्षांच्या माझ्या पोटाला पुरेना. मावशी सूचना देत होत्या, आधी खांदा, मग डोकं, श्वास सोडा, अहो सोडा म्हणजे धरून ठेवू नका. घड्याळवाल्यानं पाय धरून ढकललं. बायको हसून हसून खुर्चीवर बसली होती. साडेचारला, गर्दी ऐन रंगात असताना, मी आत पालथा झालो आणि वरून झाकण बंद झालं. त्याआधी संयोजकांचा माणूस धावत आला होता, वाहन जागेवरून हलवायला मनाई आहे म्हणून. त्याला बायको सांगत होती की आम्ही कुठे हलवतोय, ती आपली आपण हलली तर आम्ही काय करणार? तो गेला की तिथेच उभा राहिला ते मला दिसलं नाही. मला आता काहीच दिसत नव्हतं, एका भोकाशिवाय.

आत रंगाचा वास होता, आणि ताज्या कापलेल्या पत्र्याचा, आणि सतरंजीला पूर्वीच्या धुतलेल्या कपड्यांचा पुसटसा. दोन्ही हातांत दोऱ्या, अंगठ्याखाली बटण. माझा श्वास पत्र्यावर आपटून परत तोंडावर येत होता. लिफ्टच्या खड्ड्यात मी याहून अडचणीत तासन्‌तास काढले आहेत, पण तिथे मी दुरुस्तीला जायचो, आणि ज्याला दुरुस्तीला बोलावतात त्याला सगळे बघत असतात. इथे मी नव्हतोच. बाहेर शंभर माणसं होती आणि त्यांच्या लेखी मी नव्हतो. मला वाटलं होतं घुसमटेल. उलट बरं वाटत होतं, उबदार, पांघरुणात डोकं खुपसल्यासारखं. बाबांना असंच वाटत असेल का त्या स्टुलावर, असा विचार आला. सगळ्यांना ज्याच्या त्याच्या मजल्यावर पोचवतोय आणि कुणाला पत्ता नाही. मी भोकाला डोळा लावला. आधी नुसता उजेड, मग माती, मग त्या मातीवर दोन पांढऱ्या कापडी टाचा येऊन उभ्या राहिल्या. मावशी कारकुनाच्या जागी होत्या. टाचा किंचित उचलल्या गेल्या, परत टेकल्या, आणि चालू लागल्या. मी बटण दाबलं.

काय सांगू, त्या टाचांखेरीज मला जगात दुसरं काही नको होतं. डावी, उजवी, डावी. जरा डावीकडे सरकल्या की मी डावी दोरी ओढायचो आणि त्या परत मधोमध यायच्या. बाहेर आवाज वाढत गेला, कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी ‘अरे ती आली, आली’ म्हणालं. वीसेक पावलांवर टाचा थांबल्या. मी बटण सोडलं. टाचा गेल्या आणि त्यांच्या जागी चवडे आले. मावशी वळून बघत होत्या. मी घाईनं उजवी दोरी ओढली, बटणाला जेमतेम टिचकी दिली, आणि नाक वळवून भलतीकडे बघू लागलो. आता भोकात कुणाच्या तरी खुर्चीचा पाय आणि सांडलेला चहा होता. आणि मला मावशींचं हसू ऐकू आलं. वीस वर्षांच्या पोरीसारखं, दम लागेपर्यंत. त्यांना दिसत होतं ते मला दिसत नव्हतं, आणि आत माझे डोळे भरून आले, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मग अगदी जवळ, गाडीला टेकून उभा असावा असा, एक पुरुषाचा आवाज आला. समजूतदार, प्रेमळ, कुणाला तरी नीट समजावून सांगणारा. ‘आत कुणीतरी असणार हो,’ तो म्हणाला. ‘कुणी नसताना काही हलत नाही.’

पाच वर्षं जिनं या गाडीला सवत म्हटलं, जी सकाळी कागद धरून बसली होती, तिचा आवाज त्याच्या पलीकडून आला, कसा अगदी गंभीर.

‘छे हो,’ बायको म्हणाली. ‘आत कुणी नाही. गाडीच तशी आहे.’

मी हळूच डावी दोरी ओढून, बटणाला टिचकी देत नाक सरळ केलं. पांढऱ्या टाचा पुन्हा भोकात आल्या, आणि चालू लागल्या.